रेन्स्केच्या किडनीचा अठरावा वाढदिवस

बोटांत कॉफीचे मग अडकवलेले असताना माणसानं कुणालाही हात करू नये. एवढी साधी गोष्ट मला सत्तरीला टेकल्यावर कळली. बंदरावरच्या खानावळीतली पोरगी एकेका हाताच्या बोटांत चार-चार मग अडकवून टेबलांमधून वाट काढते, ते बघून मलाही तशी हौस सुटली होती. चर्चमागच्या खोलीच्या छोट्या स्वयंपाकघरात मी मग पुसले, तीन या हातात आणि तीन त्या हातात अडकवले आणि रुबाबात बाहेर निघालो. तेवढ्यात खिडकीबाहेर आमच्या मंडळातला डाउवे आपली बॅटरीवरची तीनचाकी लावताना दिसला. त्यानं टोपी उचलली. चांगल्या घरात वाढलेला माणूस मी. मी उजवा हात उचलला.

तिनातले दोन मग माझ्या पोटावर आदळून वाचले. या पोटाचा आयुष्यात झालेला हा एवढाच उपयोग. तिसरा फरशीवर गेला आणि त्याचे तुकडे झाले. वाकून पाहिलं तर एका तुकड्यावर निळ्या अक्षरांत ‘रेन्’ होतं आणि दुसऱ्यावर ‘स्के’.

दुसऱ्या कुणाचा मग असता तर मी हसून सांगून टाकलं असतं. पण हा रेन्स्केचा होता, म्हणून मी तुकडे कॉफीच्या चोथ्याखाली दडपले आणि वर एक जुना पेपर टाकला.

आमची मंडळी म्हणजे किडनीवाली मंडळी. महिन्यातून एका गुरुवारी, सकाळच्या कॉफीच्या वेळेला, आम्ही या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडून बसतो. आमच्यात दोन पंगती आहेत. एक यंत्रावरच्यांची. त्यांच्या अंगातलं जास्तीचं पाणी आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं यंत्र काढतं, म्हणून त्यांनी प्यायचं ते बेतानं. त्यांच्यासाठी जुन्या पाद्र्यांच्या बायकोनं मागं ठेवलेल्या सेटमधले चिमुकले कप. कप कसले, उंदराच्या साखरपुड्यात शोभावेत असे. दुसरी पंगत बदललेल्यांची, म्हणजे ज्यांना दुसऱ्या कुणाची किडनी बसवली आहे त्यांची. त्यांनी भरपूर प्यायचं, नव्या किडनीला कोरडं ठेवायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम असतो. म्हणून त्यांना मग. ज्याला किडनी बसते त्याला मंडळाकडून माक्कुमच्या कुंभाराकडचा निळ्या नक्षीचा मग मिळतो. त्यावर त्याचं नाव आणि ऑपरेशनची तारीख. सैन्यात पदक मिळतं तसं आमच्यात मग मिळतो, फक्त पदकातून कॉफी पिता येत नाही. मी चिमुकल्या कपाच्या पंगतीतला. ज्याला पिता येत नाही त्याच्या ताब्यात भांडी द्यावीत, म्हणजे भांडी सुरक्षित राहतात, असं कुणीतरी शहाणपणानं ठरवलं होतं.

रेन्स्केच्या खुर्चीपुढे मी तसलाच एक चिमुकला कप ठेवला आणि वादळ दिसल्यावर होडीवाले शीड उतरवून बसतात तसा अंग चोरून बसलो. मागं एकदा एका नव्या बाईंनी चुकून तिला असा कप दिला होता. तेव्हा रेन्स्के उभी राहिली होती आणि कालव्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं होतं, की माझी किडनी मला न सांगता काढून घेतलीत की काय? त्या बाई पुढच्या महिन्यापासून मधुमेहवाल्या मंडळात जायला लागल्या.

रेन्स्के आली. कपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बसली. दोन घोटांत कप संपवला. मी किटली घेऊन गेलो तर तिनं कपावर आपला फावड्याएवढा पंजा ठेवला आणि म्हणाली, “पुरे.”

डाउवे शेजारीच बसला होता. तहान मारायला तो दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या चघळतो. त्याची गोळी गालातच राहिली.

*

रेन्स्के म्हणजे आमच्या गावची पूलवाली. आता पूल कॅमेऱ्यावर चालतो. दूर कुठल्या तरी कचेरीत एक मुलगा बटण दाबतो आणि आमचा पूल उचलला जातो. पण त्याआधी सगळा जन्म तो पूल रेन्स्केनं उचलला. अंगानं सहा फूट, आवाज शिंगासारखा. लेमरच्या बाजूनं शिडाची होडी आली, की ती केबिनमधून बाहेर येणार, दोन्हीकडच्या गाड्या थांबवणार, पूल वर घेणार, आणि होडी खालून सरकत असताना गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट नेमका होडीवाल्याच्या नाकासमोर लोंबकळवणार. पुलाचे पैसे त्या बुटात टाकायचे. पैशांऐवजी शर्टाचं बटण टाकलं तर बूट नाकावर बसायचा. उन्हाळ्यात जर्मन लोक खास तो बूट बघायला येत आणि रेन्स्के त्यांना दोनदा बूट दाखवी.

तिच्या स्वतःच्या किडन्या बंद पडल्या तेव्हाही तिनं पूल सोडला नाही. तिनं पोटातून करायचं डायलिसिस घेतलं. त्यात पोटात औषधी पाणी भरायचं, काही तासांनी ते काढून नवं भरायचं. हे घरीही करता येतं. रेन्स्केनं ते केबिनमध्ये केलं. बुडणाऱ्यासाठी टांगलेलं लाल कडं तिनं खिळ्यावरून काढून कोपऱ्यात ठेवलं आणि त्या खिळ्याला पाण्याची पिशवी लटकवली. एका दुपारी खाली मोठी होडी येऊन थांबली. आत रेन्स्केच्या पोटात अर्धी पिशवी उतरलेली. होडीवाला भोंगा वाजवू लागला. रेन्स्केनं खिडकी उघडली आणि नळीसकट ओरडली, “थांब जरा. आधी माझी भरती-ओहोटी होऊ दे.” त्या माणसानं नंतर बुटात पैशांबरोबर चॉकलेट टाकलं. चॉकलेट तिला वर्ज्य होतं. ते तिनं पुलावरूनच दुसऱ्या होडीतल्या पोराला फेकून दिलं.

अशी बाई, आणि तिची थोरली बहीण हिंके. हिंके तळ्यापलीकडच्या गावात टपाल वाटायची. सायकलवरून आयुष्य काढल्यामुळे तिच्या पोटऱ्या अजून घोड्यासारख्या आहेत आणि दहा गावांतल्या कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला घरच्यांच्या आधी कळतं. या दोघी बहिणी त्या काळात एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण होतं बापाचे बर्फावर घसरायचे लाकडी स्केट. बाप गेल्यावर हिंकेनं ते उचलून नेले होते. बापाचा पाय एवढा मोठा, की ते स्केट दोघींनाही होत नव्हते. पण वस्तू वापरायची असली तरच भांडतात असं थोडंच आहे?

रेन्स्के डायलिसिसवर आहे हे हिंकेला कुणीच सांगितलं नव्हतं. ते तिला पावाच्या दुकानात कळलं. त्यानंतर काही आठवड्यांनी ती सायकलवरून पुलावर आली. उतरली नाही. एक पाय जमिनीवर टेकून म्हणाली, “तपासून आलेय. माझी जुळते. भांडण आहे तसंच राहील.”

ही गोष्ट मला रेन्स्केनं सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, की मग तू काय म्हणालीस? तर म्हणे, होडी आली होती, पूल उचलायचा होता, म्हणून ‘बरं’ म्हणाले.

ऑपरेशन झालं. हिंकेची डावी किडनी रेन्स्केच्या पोटात बसली आणि पहिल्याच दिवसापासून अशी चालायला लागली, की डॉक्टर एकमेकांना बोलावून दाखवू लागले. त्यानंतर हिंकेनं त्या किडनीवर मालकी सोडली नाही. आपण मुलगी सासरी देतो, पण म्हणून तिचं खाणंपिणं विचारायचं सोडतो का? रोज सकाळी फोन. पाणी दिलंस का तिला? गोळ्या वेळेवर? काल थंडीत पुलावर उभी होतीस म्हणे. तुला नाही ग, तिला सोसत नाही. रेन्स्केला जरा सर्दी झाली की हिंके तळ्याला वळसा घालून सायकलवरून यायची आणि बहिणीच्या कपाळाला हात न लावता आधी तिची पाण्याची बाटली उचलून बघायची.

आणि जूनमध्ये किडनीचा वाढदिवस. हा आमच्याकडे होतोच. ज्याच्या किडनीचा वाढदिवस त्यानं केक आणायचा आणि बाकीच्यांनी खोलीत शिरताच खुर्च्यांच्या गोलातून फिरत प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करायचं. उत्सवमूर्तीचं तर करायचंच, शिवाय तिच्या बहिणीचं, बहिणीला सोडायला आलेल्या शेजाऱ्याचं आणि शेजारी चुकून आत आलेला असला तरी त्याचंही. रेन्स्केच्या बाबतीत केक ती आणत नसे. हिंके आणायची. संत्र्याची साल घातलेला, वर गुलाबी साखरेचा थर असलेला, आमच्याकडचा जुना केक. “माझ्या वस्तूचा वाढदिवस, खर्च माझा,” असं तिचं म्हणणं.

त्या मे महिन्यात, मी मग फोडला तेव्हा, त्या वस्तूचा अठरावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

*

मंडळी पांगल्यावर मी रेन्स्केला सायकलींच्या फाटकाशी गाठलं.

“तूच फोडलास ना?” माझ्याकडे न बघता तिनं विचारलं.

“डाउवेला हात केला.”

“डाउवे काय हात करण्यासारखा माणूस आहे?”

मी म्हटलं, मी कुंभाराला सांगून नवा करून आणतो, आजच जातो, पैसे माझे. तर ती म्हणाली, नको. सायकलच्या बैठकीवरचं दंव तिनं बाहीनं पुसलं, पुन्हा पुसलं. तिथं दंव उरलं नव्हतं.

“दमलीय ती, सीबे,” ती म्हणाली. मग सगळं एका दमात सांगितलं, पुलावरून होडीवाल्याला सूचना द्याव्यात तसं. तपासण्यांचे आकडे वर्षभर वाईट येत होते. लेउवार्डनच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की अठरा वर्षं ही फार झाली, सप्टेंबरपर्यंत ओढेल, मग यंत्र. पोटात आता जुन्या चिकटलेल्या जखमा आहेत, म्हणून या वेळी माझ्यासारखं, हातातून. त्यासाठी सोमवारी मनगटाच्या वर छोटं ऑपरेशन. रक्तवाहिन्या जोडून शीर फुगवायची, म्हणजे पुढं सुया लागतील. पाय सुजायला लागले होते, म्हणून पाणी कमी केलं होतं. चिमुकला कप त्या दिवशी अगदी मापाचा पडला.

मी विचारलं, “हिंकेला ठाऊक आहे?”

“नाही.”

“अगं, तिची आहे ती.”

“म्हणूनच नाही. मी सांगीन. वाढदिवसाला.”

“वाढदिवसाला? केकसमोर?”

“तोवर हाताचं ऑपरेशन झालेलं असेल,” ती म्हणाली आणि सायकलवर बसली. “तुझ्या तोंडून शब्द गेला तर पुलावरून खाली टाकीन. पूल कॅमेऱ्यावर चालतो, माणूस टाकायला कॅमेरा लागत नाही.”

घरी जाताना मी विचार करत होतो. मला वाटलं, बाई लाजतेय. शेजारणीकडून आणलेलं पातेलं तळाशी करपलं, की ते परत करताना कसं तोंड होतं? मग इथं तर सख्ख्या बहिणीनं पोटातून काढून दिलेली चीज. ‘तू नीट सांभाळली नाहीस’ असं हिंके म्हणेल, जुने स्केट पुन्हा बाहेर निघतील, आणि अठरा वर्षं ज्या एका धाग्यानं दोघी बांधल्या गेल्या तो धागाच तुटेल, अशी तिला भीती असणार. यंत्रावर जाण्याचं दुःख मला ठाऊक आहे, त्याची सवय होते. पण ‘तुझं दिलेलं संपलं’ हे देणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, हे कुठल्या यंत्रावर शिकवत नाहीत.

पुढच्या आठवड्यांत हिंकेचा मला फोन आला. केकसाठी माणसं किती, त्यांतले यंत्रावरचे किती, त्यांना किती पातळ तुकडा चालेल, असं सगळं तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, “पोरगी उन्हात लांब बाह्या घालून फिरते म्हणे.” रेन्स्के सहासष्टची आहे, पण हिंकेच्या तोंडी ती अजून पोरगीच.

मी म्हटलं, फॅशन असेल.

“रेन्स्के आणि फॅशन?”

मी म्हटलं, हल्ली ऊन कडक असतं, कातडीला बरं नसतं, पेपरमध्ये आलं होतं.

“सीबे,” हिंके म्हणाली, “तू एवढी वर्षं दुकानात खिळे विकलेस, हे देवाच्या दयेनं बरं झालं. थापा विकल्या असत्यास तर उपाशी मेला असतास.” आणि फोन ठेवला. त्या रात्री मी पुलावरून खाली पडण्याचं स्वप्न पाहिलं. पाणी थंड होतं.

*

वाढदिवसाच्या गुरुवारी मी लवकर गेलो, तर चर्चमागच्या खोलीबाहेर झेंडा लागलेला. आमच्याकडे जूनमध्ये पोरं शाळेची शेवटची परीक्षा पास झाली की घराबाहेर झेंडा लावून काठीच्या टोकाला त्यांचं जुनं दप्तर टांगतात. इथंही काठीला एक दप्तर लोंबत होतं; हिंकेनं कुठल्या माळ्यावरून शोधलं होतं देव जाणे. खाली शिडीवर उभी राहून ती दोरीची गाठ मारत होती. सत्तर वर्षांची बाई.

“अठरा पूर्ण,” ती वरून म्हणाली. “सज्ञान झाली. आजपासून तिला मतही देता येईल.”

मी हसलो. हसण्याचा आवाज मलाच खोटा वाटला, म्हणून मी आत जाऊन कप मांडू लागलो.

मंडळी जमली. खुर्च्यांच्या गोलातून अभिनंदनं फिरली. डाउवेनं हिंकेचा हात दोन्ही हातांत धरून विचारलं, की अठरा वर्षांची झाली, आता लग्नाचं बघायला हवं, माझी जागा रिकामी आहे. हिंके म्हणाली, तुझ्या घरी द्यायला ती काय अनाथ आहे? सगळे हसले. रेन्स्केही हसली. ती नेहमीच्या जागी बसली होती. उकडत होतं, खिडक्या उघड्या होत्या आणि तिच्या निळ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद होत्या.

हिंकेचं दरसालचं भाषण दोन वाक्यांचं असतं. ‘अजून चालतेय. केक कापा.’ या वेळी ती उभी राहिली आणि पहिल्यांदाच थोडं जास्त बोलली. म्हणाली, की मी चाळीस वर्षं लोकांच्या दारात टपाल टाकलं. चांगलं टाकलं, वाईट टाकलं. पण त्यातलं एकही माझं नव्हतं, दुसऱ्यांनी लिहिलेलं, मी फक्त पोचवणारी. माझ्याकडचं स्वतःचं असं एकच पोचवलं आणि ते नीट पोचलं. एवढं म्हणून ती सुरीकडे वळली.

रेन्स्के उठली.

मला वाटलं, आता नको. नंतर, स्वयंपाकघरात, दोघीच असताना. मी मान हलवून तिला खुणावतही होतो. पण पूल उचलायची वेळ झाली की ती कुणाचं ऐकत नसे. तिनं डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सरकवली. आतल्या बाजूला ताजा, गुलाबी, दोऱ्यासारखा व्रण होता. आम्हा यंत्रावरच्यांना तो सांगावा लागत नाही. डाउवेनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“हिंके,” रेन्स्के म्हणाली, “ती संपत आलीय. सप्टेंबरपासून मी यंत्रावर. हात करून घेतलाय.”

हिंकेच्या हातात सुरी तशीच. तिनं ती केकशेजारी ठेवली, सरळ रेषेत, टपाल रचून ठेवतात तशी. मग पुढं येऊन तिनं बहिणीच्या हातावर, त्या व्रणाच्या वर, दोन बोटं ठेवली. जोडलेल्या शिरेतून रक्त जोरात धावतं, ते बोटांना थरथरल्यासारखं लागतं. मांजर गुरगुरतं ना, तसं. हिंकेला ते पहिल्यांदाच लागलं असणार. तिनं बोटं बराच वेळ तशीच ठेवली.

“कधी केलंस?”

“मेमध्ये.”

“मला रोज फोनवर सांगत होतीस, पाणी दिलं म्हणून.”

“देत होते. थोडं थोडं.”

हिंकेनं बोटं काढली आणि ती बाहेर निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

रेन्स्के खाली बसली, बाही तशीच वर. डाउवेनं मला कोपरानं ढोसलं. म्हणजे आता जा, बाहेर जाऊन काहीतरी कर. अशा वेळी मलाच का ढोसतात हे मला आजवर कळलेलं नाही. मी गेलो.

हिंके पुन्हा शिडीवर चढली होती. मला वाटलं, ती झेंडा उतरवतेय. मी खाली उभा राहून म्हणालो, “हिंके, काढू नकोस ना.”

“का काढू?” ती म्हणाली. “पास झाल्यावरच शाळा सोडतात. दप्तर वाऱ्यानं पिळलंय, ते सरळ करतेय.”

मग मी ते बोललो जे अशा वेळी सगळेच मूर्ख बोलतात. की अठरा वर्षं म्हणजे खूपच झाली, पुष्कळांची दहासुद्धा टिकत नाही, तू तिला एवढं आयुष्य दिलंस.

“मला हिशेब सांगू नकोस,” ती म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त त्या घोड्यासारख्या पोटऱ्या दिसत होत्या. “तुला कधीपासून ठाऊक होतं?”

“मेपासून.”

“फॅशन म्हणे.” ती शिडीवरून एकेक पायरी उतरली. खाली आल्यावर तिनं रुमालानं नाक पुसलं, रुमालाची नीट घडी केली आणि विचारलं, “लेउवार्डनच्या त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काय?”

मी म्हटलं, त्यांच्याशी भांडून काय होणार, त्यांचा काय दोष?

“नाव विचारलं मी.”

मी सांगितलं. तिनं ते ओठांनी दोनदा घोळवलं. घर सापडत नसलं की टपालवाले पत्ता तसा घोळवतात. मग ती आत गेली आणि रेन्स्केशेजारची खुर्ची ओढून बसली. गोल मोडला, पण कुणी काही म्हटलं नाही.

“कुठले वार?” तिनं विचारलं.

“सोमवार, बुधवार, शुक्रवार.”

“सोमवारी मी नेईन. बुधवारी पण.”

“सायकलवरून?”

“गाडी शिकेन.”

“सत्तराव्या वर्षी?”

“तू सहासष्टाव्या वर्षी गुपितं ठेवायला शिकलीस. मला गाडी जड नाही.” आणि मग सगळ्यांकडे बघत म्हणाली, “बापाचं दूध काढायचं यंत्र नऊ वर्षांत बंद पडलं होतं. ते तर कंपनीचं होतं.”

डाउवे आधी हसला. मग त्याच्या मागून सगळे. हिंके हसली नाही. तिनं केक कापला. यंत्रावरच्यांना इतके पातळ तुकडे, की गुलाबी थरातून बशीची नक्षी दिसावी. रेन्स्केचा तुकडा कापताना सुरी क्षणभर थांबली. मग तिनं तिलाही तसाच पातळ तुकडा दिला, पण बशी पुढं करताना वरून बोटानं चिमूटभर गुलाबी साखर आणखी ठेवली.

*

सगळे गेल्यावर मी भांडी घासत होतो आणि रेन्स्के पुसत होती. बाहेर हिंके शिडी खांद्यावर टाकून चर्चच्या पडवीकडे निघाली होती. मदत करू का विचारणाऱ्या डाउवेला ती सांगत होती, की तुझ्या गाडीला आधी मदत लागते. रेन्स्के खिडकीतून तिकडे बघत होती. पुसलेला कपच पुन्हा पुसत होती.

मी म्हटलं, मेपासून मला वाटत होतं की तू लाजतेयस. बहिणीचं दिलेलं टिकलं नाही म्हणून तोंड दाखवायला घाबरतेयस. पण आज तू घाबरलेली दिसली नाहीस. मग हात झाल्यावर, तारीख ठरल्यावर, सगळं होऊन गेल्यावर का सांगितलंस? वर्षभर एकटीनं का ओढलंस? तिला आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

रेन्स्केनं कप फडताळात ठेवला.

“तिनं दुसरीही काढून दिली असती.”